पेडण्याच्या कोर्टासमोरची राज्यघटना

वकिलाकडे फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की फायली कधीतरी बंद होतात! पेडण्याला कोर्टासमोर आमचं छोटंसं ऑफिस. माझे सिनियर नाईकबाब आणि मी. गावोगाव जाऊन लोकांना राज्यघटनेतले हक्क समजावून सांगायचे, हा नाईकबाबांचा जुना छंद.

पांडुरंगचा हरमलला शॅक आहे, म्हणजे किनाऱ्यावरचं झावळ्यांचं हॉटेल. तिथं गिऱ्हाइकांची मारामारी झाली आणि पोलिसांनी त्यालाच बोलावलं. नाईकबाबांनी फोनवर बजावलं, "स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. मी येईपर्यंत गप्प बस."

आम्ही पोचलो तर इन्स्पेक्टर वैतागलेले. "अहो, चहा घेणार का विचारलं, तरी तोंड उघडत नाही!"

जबाब झाला, संशय फिटला. बाहेर येताच पांडुरंग चहाच्या टपरीकडे बोट दाखवत मला म्हणाला, "बाय, आता माका च्या जाय!"

बसाप्पा बेळगावकडचा गवंडी. शेजारच्या एका गृहस्थांनी त्याला दम दिला, "बाहेरचे तुम्ही, खोली सोडा." बिचारा घाबरून आला. "मॅडम, हितं राहायला कसला पास काढायचा असतोय?"

नाईकबाबांनी कलम वाचून दाखवलं. देशात कुठंही राहायचा हक्क आहे.

"हे कुणी लिवून दिलंय?"

"तूच! पहिलीच ओळ बघ. 'आम्ही भारताचे लोक'."

बसाप्पानं झेरॉक्स काढून दारावर चिकटवली. खोली सुटली नाही. महिन्याभरानं तेच गृहस्थ आमच्या दारात. "मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागला. तो कागद... एक मलाही द्या हो!"

एकदा नाईकबाब घरी समानतेवरचं भाषण मोठ्यानं म्हणून बघत होते. आतून वहिनींचा आवाज आला, "भाषण झालं असेल तर नारळ खवा!" त्यांनी खवला. भाषणाची सुरुवात हल्ली ते याच किश्श्यानं करतात.

शोभाचा नवरा मोटारसायकलवरून प्रवासी नेणारा पायलट. कसल्याशा तक्रारीवरून पोलिसांनी त्याला अटक केली. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, एवढं तिनं आमच्या शिबिरात ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गजराचं घड्याळ घेऊन स्टेशनच्या बाकावर जाऊन बसली. घड्याळ मांडीवर, नजर काट्यांवर. वेळ संपायच्या आधीच पोलिसांची गाडी त्याला घेऊन कोर्टात पोचली आणि दुपारी नवऱ्याला जामीन मिळाला. हवालदार मला हळूच म्हणाला, "मॅडम, कलम शिकवा, पण घड्याळ नको!"

आणि डिचोलीकडची सत्यभामा. खाणीकडचा चिखल ओहोळातून तिच्या शेतात यायचा. नवरा भिडस्त, म्हणून ग्रामसभेत ती स्वतःच उभी राहिली. सगळं बोलली. ओहोळ साफ करायचा ठराव झाला. सह्या सुरू झाल्या, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकाला तिच्या नवऱ्याची सही हवी होती. म्हणाला, "मावशे, तू कशाला? सही करूक घोवाक धाड."

सत्यभामानं त्याच्याच हातातलं पेन घेतलं आणि आपलं बोट त्याच्यापुढे धरलं.

"वोटिंगाची शाय कोणाच्या बोटाक लायतात रे? माज्या, काय घोवाच्या?"