टेबल अडवणारी सिस्टरबाई

गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका बाजूला सारून आमच्या सिस्टरबाई प्रत्येक पेशंटला आधी विचारायच्या, "दुखते कुठी?" बल्लारपूरच्या एका खाजगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, ऐंशीच्या दशकात. सुईला हात लावण्याआधी जाब विचारणारी सिस्टर तुम्हीही पाहिली असेल. आमची जरा जास्तच होती. ताकदीची सुई मागणाऱ्या एका साहेबाला म्हणाल्या, "कुठीच दुखत नाई, तं टोचू काऊन? सुट्टी पायजे तं सुट्टी घ्या न."

एका दुपारी बाजारातल्या व्यापारी घरातली आजी सुनेला आणि सात वर्षांच्या नातीला घेऊन आली. मुलीचा खतना करायचा होता. म्हणजे तिच्या नाजूक जागेचा थोडा भाग कापायचा. पूर्वी एक म्हातारी घरीच येऊन करायची. तिला आता दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी होकार देऊन बाईंना तयारी सांगितली.

"पोरीले झालं काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. रिवाज आहे," आजी म्हणाली.

बाई आत गेल्या. मला वाटलं, पाणी उकळायला ठेवतील. त्याऐवजी बाई स्वतःच ऑपरेशनच्या टेबलावर चढून आडव्या झाल्या. देह असा, की टेबल कण्हलं.

डॉक्टर धावत आले, मागोमाग त्या तिघीही. "हे काय?"

"आधी माह्यं कापा, साहेब. माह्यं बी काई दुखून नाई राह्यलं."

मुलगी खुदकन हसली. डॉक्टर लालबुंद. "उठा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या पाहू." बाईंनी मान वळवली. "आजी, रिवाज तुमचा, पण अंग पोरीचं हाय. तुमचं केलं तवा तुम्हाले कोनं विचारलं होतं?"

आजीने नातीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "आईने तोंड दाबून धरलं होतं."

सुनेने हे सासूच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिने एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर उचललं आणि पायऱ्या उतरून गेली. आजीही मागे गेली.

बाईंना दुसऱ्या दिवशी खरंच काढलं. मुलचेऱ्याकडे, जंगलातल्या गावांत बाळंतपणं करायला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "टेबल मजबूत हाय बरं. डॉक्टरले सांगजो."

तीन वर्षांनी ती सून एकटीच आली, बाईंची चौकशी करत. मला सांगावं लागलं, की मागच्या पावसाळ्यात मेंदूच्या हिवतापाने बाई गेल्या. ती बाकावर बसली.

"मुलगी दहाची झाली. तिचं काही केलं नाही. सासूबाईंनीच नको म्हटलं. सिस्टरबाईंना हे सांगायचं होतं."

उठताना तिने विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

सगळेच सिस्टरबाई म्हणायचे. मलाही क्षणभर आठवावं लागलं. मी सांगितलं. तिने ते नाव दोनदा हळूच उच्चारलं आणि पदर डोक्यावर घेऊन उन्हात निघून गेली.