अंगठ्याची झीज

लष्कर शहरातल्या सराफ्यात मानसिंगराव भोइट्यांकडे कुणी आलं की आधी त्यांच्या पायाकडे बघायचं आणि मग बोटांकडे. पाय लंगडा होता. लहानपणी घोड्यानं खाली टाकलं, हाड वेडंवाकडं सांधलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या सरकारच्या फौजेत भाकरी खाल्लेल्या घरातला हा एक मुलगा पलटणीच्या दारातूनच परत आला. मग करायचं काय? बसला सराफ्यात एका शेटजीच्या गादीशेजारी, नाणी पारखत. थोरले भाऊ संभाजीराव पलटणीतून जमादार होऊन निवृत्त झालेले, कंपूत, म्हणजे फौजेच्या जुन्या छावणीत, राहायचे. सणासुदीला चारचौघांत ते म्हणायचे, "आमचे मानसिंगराव काय, रुपये वाजवून लढाया मारतात!" सगळे हसायचे. मानसिंगरावही हसायचे. पण असलं हसणं आत जाऊन बसतं हो, ते निघत नाही.

बोटं मात्र अशी की विचारू नका. रुपया बोटाच्या टोकावर तोलायचा, हलकीशी टिचकी मारायची, नाद ऐकायचा आणि मग उन्हाकडे तिरपा धरून झीज बघायची. चिंच-राख लावून लख्ख केलेलं नाणं कुणी पुढे केलं की मानसिंगराव खवळलेच. "अरे भाई, चमकाने को किसने कहा था? अब इसमें मैं क्या देखूँ?" त्यांचं सगळं शास्त्र त्या झिजेत होतं. बाजारात फिरलेला रुपया दोन्ही अंगांनी सारखा झिजतो, उंच अक्षरं आधी जातात आणि कडेला ठेचा पडतात. कमरेच्या पिशवीत राहिलेल्याच्या अंगभर बारीक ओरखडे असतात. पुरून ठेवलेला काळाठिक्कर पडतो, पण ठसा शाबूत राहतो. एवढं बघून ते सांगायचे, हा कोरा, हा चालता, हा गेलेला. शेटजी पुन्हा विचारत नसे.

मुलगा झाला, जयसिंग, तेव्हा बारशाला त्यांनी असाच एक रुपया निवडून आणला होता. जुन्या राजवटीतला, हातानं ठोकलेला, एका बाजूला फारसी अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला छोटा त्रिशूळ. तोवर यंत्रावर पाडलेले कलदार रुपये येऊन असले जुने आटून चालले होते. हा मात्र बाजारात एकदाही न फिरलेला. त्रिशुळाच्या टोकांत नख अडकायचं, इतका कोरा. तो देवघरात ठेवला गेला.

जयसिंग मोठा झाला. देखणा, डावखुरा आणि स्वभावानं हळवा. गल्लीत सांड उधळला की आईच्या मागे, दसऱ्याच्या तोफा झाल्या की कानांवर हात. पद्माबाई पदराखाली घ्यायच्या आणि मानसिंगरावांचं डोकं फिरायचं. "भित्रा कुठला! भोइट्यांच्या घरात जन्मलास की कुठं?" हे वाक्य त्या पोरानं किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. बापाला एकच ध्यास, आपला पाय गेला तर गेला, पोरगा वर्दीत दिसला पाहिजे. मिसरूड फुटताच संभाजीरावांच्या वशिल्यानं त्याला पलटणीत घातला. पोरानं तोंडातून ब्र काढला नाही.

आणि मग जर्मनांची लढाई जुंपली. पलटण समुद्रापलीकडे आफ्रिकेत निघाली. निघताना पद्माबाईंनी देवघरातला तो रुपया पोराच्या हातात ठेवला. मानसिंगराव त्या दिवशी लंगडत स्टेशनपर्यंत गेले, छाती काढून.

दोन पावसाळे गेले आणि श्रावणात खबर आली. जयसिंग गेला. कुठल्याशा जंगलात, कुठल्याशा नदीकाठी. त्या जागेचं नावसुद्धा या घरात कुणाला धड उच्चारता येईना. पद्माबाईंनी हंबरडा फोडला. संभाजीराव आले, भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानसिंगा, घराचं नाव राखलंस रे." उभ्या जन्मात थोरला भाऊ असं पहिल्यांदा बोलला. मानसिंगरावांना रडावं की ताठ बसावं ते कळेना. ते ताठ बसले.

माघात जयसिंगचा सोबती कान्होजी रजेवर आला. रुमालाची पुरचुंडी सोडून त्यानं रुपया पद्माबाईंच्या हातात दिला. "काकी, एवढंच माझ्यापाशी राहिलं." मग मानसिंगरावांकडे वळून म्हणाला, "काका, फार धीराचा होता तो. शेवटपर्यंत." बोलताना बिचारा जमिनीकडे बघत होता.

पद्माबाईंनी रुपया उलटसुलट केला, छातीशी धरला, मग नवऱ्यापुढे केला. मानसिंगरावांनी तो सवयीनं उन्हाकडे तिरपा धरला. गिऱ्हाइकाचा धरावा तसाच. मग उलटा करून पुन्हा धरला.

एक बाजू कोरीच्या कोरी. अक्षर न्‌ अक्षर उभं, कडेला ठेच नाही, अंगावर ओरखडा नाही. म्हणजे बाजारात गेला नाही, पिशवीत खुळखुळला नाही. पण दुसऱ्या बाजूला त्रिशूळ नव्हताच. तिथं एक गुळगुळीत खळगी पडली होती, लांबट गोल आणि एका अंगाला कललेली. डाव्या हाताचा अंगठा टेकतो तशी. चांदी शुद्ध, म्हणून मऊ. पण कितीही मऊ झाली तरी एवढी झिजायला अंगठा किती फिरवावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? उठता-बसता, पहाऱ्यावर, खंदकात, घामेजलेल्या हातानं पोरगा हा रुपया घासत राहिला होता. भीतीनं. अरे देवा, दोन वर्षं नुसता भीत होता माझा पोर!

"काय झालं?" पद्माबाईंनी विचारलं.

"काही नाही. त्याचाच आहे," एवढं बोलून त्यांनी रुपया मुठीत झाकला. पद्माबाईंनी तो परत मागून घेतला आणि पदराला बांधला.

दुसऱ्या दिवशी संभाजीराव येऊन बसले. लढाईत पडलेल्याचा चांदीचा टाक करून देवात बसवायचा, ही घराची रीत. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर. "शिमग्याआधी टाक झाला पाहिजे," संभाजीराव म्हणाले, "आणि तो रुपया जरा दे बघू मला. आमच्या कंपूतल्या जुन्या मंडळींना दाखवतो. लढाईवरून आलेला रुपया आहे, चेष्टा नव्हे!"

मानसिंगरावांनी मनात हिशेब केला. त्या जुन्या मंडळींनी लढाया बघितलेल्या. घाबरलेली पोरं बघितलेली. रुपया हातोहात फिरणार, कुणीतरी सहज आपला अंगठा त्या खळगीत ठेवणार, आणि मग एकमेकांकडे बघणार. म्हणजे मेल्यावरही माझ्या पोराला हसणार हे! आयुष्यभर मला हसले तेवढं पुरे नाही झालं?

"टाक त्याच रुपयाचा करायचा आहे," ते पटकन बोलून गेले. "आजच सोनाराकडे नेतो."

संभाजीराव खूश झाले. पण आतून पद्माबाई बाहेर आल्या. जेठांसमोर, थोरल्या दिरासमोर, कधी न बोलणारी बाई, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "टाकाला माझे तोडे घ्या. रुपया राहू द्या."

"तोडे कशाला? त्याची वस्तू आहे, त्याचाच टाक."

"अहो, थोडे दिवस तरी राहू द्या माझ्यापाशी."

"तू कळवळून रडत बसणार त्याला धरून! दे म्हटलं ना!" मानसिंगराव गरजले. त्यांना वाटलं, आईच ती, तिला काय दिसणार त्या रुपयात? दिसू नये म्हणूनच तर चाललंय हे सगळं. पद्माबाईंनी पदराची गाठ सोडली आणि रुपया दिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण जेठांकडे बघून मिटलं.

सोनारानं रुपया हातात घेतला आणि तो थबकला. "रावसाहब, ये तो पुराना माल है। एक तरफ़ से तो बिलकुल कोरा। इसको क्यों गलवाते हो? मैं दूसरी चाँदी लगा देता हूँ।"

"गला दो।"

"आप तो खुद पारखी हो..."

"कहा ना, गला दो!"

मुशीत रुपया पडला. भाता चालू झाला. मानसिंगराव उठले नाहीत, मुशीवर नजर लावून बसले. आधी कडा लवली, मग अक्षरं बसली. ती खळगी सगळ्यांत शेवटी गेली, की त्यांनाच तसं दिसलं, कोण जाणे. एका क्षणी त्यांचा हात पुढे झाला होता. पण आता आगीतून काय काढणार? हात मागे घेतला.

टाक सुरेख झाला. घोडा, तलवार, पिळदार मिशी. जयसिंगला मिशी कुठं होती एवढी! मानसिंगरावांनी तो आणून पद्माबाईंच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी वीराकडे बघितलंसुद्धा नाही. टाक पालथा केला आणि त्या सपाट पाठीवरून आपला अंगठा फिरवला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

"गेला," त्या म्हणाल्या.

"काय गेलं?"

"त्याचा अंगठा." पद्माबाईंचा आवाज अगदी साधा होता. "निघायच्या आदल्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला हो. म्हणाला, आई, मला फार भीती वाटते, पण आबांना सांगू नकोस. निघताना मी त्याला तो रुपया दिला. म्हटलं, भीती वाटली की यावर अंगठा फिरव, आईनं डोक्यावरून हात फिरवला असं समज. कान्होजीनं रुपया हातात दिला आणि मला लगेच कळलं. किती वेळा हाक मारली असेल माझ्या लेकरानं मला! वाटलं होतं, रोज पूजा झाली की तिथं अंगठा ठेवीन. पण त्यानं शपथ घातली होती. तुम्हाला कसं सांगू?"

"मला दिसला होता तो अंगठा," मानसिंगराव म्हणाले.

"दिसला होता?" पद्माबाईंनी मान वर केली. "दिसला होता, आणि आगीत घातलात?"

"लोक त्याला भित्रा म्हणतील, म्हणून गं."

"कोण लोक?" पद्माबाई म्हणाल्या. "त्याला भित्रा म्हणणारं माणूस सगळ्या गावात एकच होतं."

त्यांनी टाक नवऱ्याच्या हातात ठेवला आणि त्या आत निघून गेल्या. देवात तो मानसिंगरावांना एकट्यांनाच बसवावा लागला.