त्या रविवारी कोणीच उठून गेलं नाही

परवा माळशेजला जाताना आमच्या गावाजवळ, वैशाखऱ्याला चहासाठी थांबलो... आणि एकदम मंदाआत्या आठवली. नव्वदच्या दशकात, मी मुरबाडला कॉलेजला होते तेव्हाची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर तिला फिट यायला लागली आणि सासरच्यांनी "हिला बाहेरचं लागलंय" म्हणून आमच्या घरी आणून सोडली. मग भगत झाले, लिंबं झाली, मिरच्यांची धुरी झाली... फिट आली की बायका पोरं उचलून लांब पळायच्या. आम्हीसुद्धा चप्पल हुंगवायचो आणि दूर उभे राहायचो. हळूहळू तिनं लग्नाकार्याला जाणंच सोडलं. पडवीत बसून तांदूळ निवडायची, बोलायची नाही.

गावात नगरकडच्या एक नर्सबाई होत्या, शांताबाई. ख्रिस्ती होत्या. त्यांनी आत्याला मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. एकदा तिचा हात धरून म्हणाल्या, "मंदा, हा आजार आहे. देवानं तुला टाकलेलं नाही."

हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं... शांताबाईंच्या घरी रविवारी प्रार्थना असायची. आत्या म्हणाली, मी जाणार.

आजोबा भडकले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. "गोळ्या घे, त्याला मी नको बोलत नाय. पन तिकडं गेलीस तर या घरात परत पाय ठेवायचा नाय."

तरीही ती निघाली. मी सोबत गेले. वाटेत तिला आबांची भीती होतीच, पण चारचौघांत फिट आली तर, ही त्याहून मोठी.

आणि नेमकं तेच झालं. ढोलकीवर भजन चालू असताना आत्या कोसळली.

मला वाटलं, संपलं सगळं. पण शांताबाईंनी तिला शांतपणे कुशीवर वळवलं. शेजारच्या एका अनोळखी बाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडाचा फेस स्वतःच्या पदरानं पुसला. बाकीचे जागेवरच बसून हळू आवाजात प्रार्थना करत राहिले.

तेवढ्यात मी दाराकडे पाहिलं तर आबा! तिला ओढून न्यायलाच आले होते. उंबऱ्यातच थबकले.

आत्यानं डोळे उघडले. नेहमीसारखं पहिलं विचारलं, "गेली का सगळी?"

"कुठं जाणार?" शांताबाई म्हणाल्या, "इथंच आहोत आम्ही."

आत्या त्या बाईच्या मांडीत तोंड लपवून रडली. इतक्या वर्षांचं साठलेलं रडली. आबांनी वहाणा बाहेर काढल्या, आत आले आणि भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसून राहिले. घरी जाताना एवढंच म्हणाले, "दमानं चाल गो."

पुढच्या रविवारी तेच पडवीत येऊन म्हणाले, "मंदे, टाइम झाला ना तुझा? ऊठ."

गोळ्यांनी फिट कमी होत गेली. पण आत्या माणसांत आली ती शांताबाईंच्या घरामुळे. पुढे तिनं बाप्तिस्मा घेतला. आसपासच्या वाड्यांवर कुणाला फिट आली की लोक तिला बोलावू लागले. ती जाऊन रुग्णाचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. "भिऊ नको, आजार हाय," म्हणायची आणि मग डॉक्टरांकडे घेऊन जायची.

आबांचा देव्हारा शेवटपर्यंत तसाच राहिला. त्यांनी आपला खंडोबा सोडला नाही, आणि आत्यानं तिचा येशू. जेवायला बसलं की आत्या डोळे मिटून प्रार्थना करायची... आणि तिचं आमेन होईपर्यंत आबा भाताला हात लावायचे नाहीत.

दोघंही आता नाहीत. माणसाला बरं करणं म्हणजे काय, ते मी त्या दोघांकडे बघून शिकले... देवाचे आभार मानावेत ते अशा माणसांसाठी.