पांढरी पाच आणि काळी चारच्या मधला सा

माझी मुलगी नोकरीसाठी युरोपात गेली आणि तिला तिथल्या संगीताचा नाद लागला. सकाळी मी चहा गाळत असते तेवढ्यात तिचा मेसेज येऊन पडतो. आजच्या दिवशी अमुक सिम्फनी तमुक शहरात पहिल्यांदा वाजली, लोकांनी कशी हुल्लड केली, आज तिला इतकी वर्षं झाली, म्हणून कुठं कुठं जलसे आहेत. मी वाचते आणि चरफडते. आपल्याकडं बंदिशीची जन्मतारीख विचारून बघा कुणाला! सगळ्यांच्या तोंडी असलेली बंदीश पहिल्यांदा कुठं म्हटली गेली, समोर कोण बसलं होतं, तंबोरा कुणी धरला होता, काही पत्ता नाही. पुण्यतिथ्या मात्र आपण मन लावून करतो. माणूस गेल्याची तिथी पक्की असते, गाणं आल्याची कुणी लिहून ठेवत नाही.

एका बंदिशीचा पहिला प्रयोग मी स्वतः पाहिला आहे. पाहिला कसला, जवळजवळ बुडवलाच होता. म्हणून निदान तेवढा तरी लिहून ठेवते.

बंदीश माझ्या गुरुजींची. सिरोंच्याला माझे वडील नोकरीला होते तेव्हा मी गुरुजींकडं गाणं शिकले. शाळेत ते गणित शिकवायचे आणि घरी गाणं, आणि दोन्हीकडं एकाच आवाजात ओरडायचे. त्यांनी तरुणपणी देशकार रागात एक बंदीश बांधायला घेतली होती. गोदावरीच्या काठी नावेची वाट बघत बसलेल्या बाईची. स्थायी एका बैठकीत झाली, अंतरा मात्र निवृत्त झाल्यावर मनासारखा बसला. तो बसल्यावर, मी भेटायला गेले तेव्हा, मला शिकवला, पण स्वतः त्यांनी ती कुठं गायली नाही. त्यांच्या गुरूंनी घालून दिलेला नियम असा, की रचणाऱ्यानं आपली चीज पहिल्यांदा स्वतः गायची नाही, दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकायची. शिकवताना तुकड्या-तुकड्यानं म्हटलेली चालते, पण तंबोरा जुळवून, चार माणसांसमोर, अथपासून इतिपर्यंत दुसऱ्यानं म्हणायची. तोवर ती चीज झालीच नाही असं समजायचं.

मी लग्न होऊन ऊर्जानगरला आले. नवरा वीज केंद्रात. कॉलनीतल्या एका खोलीत मी गाण्याचा वर्ग काढला. पोरं येतात, परीक्षा देतात आणि पुण्याला निघून जातात. टिकल्या त्या चार बायका, माझ्याच वयाच्या. त्यांतली एक सिंदेवाहीकडची, तिचा नवरा बॉयलरवर. ती पट्टीची बोलणारी. गाण्यात श्वास पुरत नाही म्हणते, बोलण्यात कधी कमी पडलेला मी पाहिला नाही.

दिवाळीत मी सिरोंच्याला गेले तेव्हा गुरुजींचा उजवा कान पूर्ण गेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं. त्यातून बोलणं कळायचं, पण सूर पत्र्यावर खडे पडावेत तसा यायचा, म्हणून ते काढून खिशात ठेवायचे. जाताना मी वाकले तेव्हा म्हणाले, "देशकारची आपली चीज तुला येते ना पूर्ण? मग एकदा ऐकव बेटा. हा कान आहे तोवर."

एवढंच. मी रस्ताभर तीच चीज घोळवत आले.

गुरुजींच्या गुरूंची पुण्यतिथी त्यांच्याच घरी होते, सकाळची, ओसरीवर सतरंज्या टाकून. यंदा त्या दिवशी ही बंदीश आम्ही पाच जणींनी म्हणायची असं ठरवलं आणि तयारीला लागलो. तयारी जोरात झाली. मला एकच गोष्ट सांगायची आहे ती म्हणजे माझ्या सुराची.

मी तंबोरा कधीही पेटीवर मिळवत नसे. डोळे मिटायचे, दोन क्षण थांबायचं, की सा आपोआप कानात यायचा. रोज तोच, केसभर इकडंतिकडं नाही. एकदा एक पेटीवाले साथीला आले होते. ते बिचारे खूप वेळ खटपट करून म्हणाले, "बाई, तुमचा सा पांढरी पाच आणि काळी चारच्या मधल्या फटीत आहे. तिथं मी बोट कुठं ठेवू?" मी म्हटलं, पेटीत जागा नसेल तर तो पेटीचा दोष. ते पुन्हा आले नाहीत. माझी मात्र कॉलर ताठ. ईश्वरी देणगी आहे, असं मी कुणी न विचारता सांगत असे.

पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी गाडी करून निघालो. आष्टी, आलापल्ली, मग पुढचं जंगल. रस्त्यानं आमची हाडं खिळखिळी केली, पण तंबोरा मांडीवर घेऊन बसलेल्या सिंदेवाहीच्या बाईनं त्याला एक धक्का लागू दिला नाही. माझा नवरा पुढं बसून प्रत्येक खड्ड्याला दाद देत होता. गुरुजींच्या घरी अम्मांनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, गोदावरीच्या माशांचं तिखट कालवण आणि भात केला होता. आंघोळ करून आल्यासारखा घाम आला आम्हाला जेवताना.

जेवणानंतर अम्मांनी मला मागच्या अंगणात नेलं. त्या घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी इकडचं मराठी. म्हणाल्या, "उद्या त्यांनी छान म्हटलं तर खुश नको होऊ, बिड्डा. आता ते सगळ्याले छान म्हणते. कोणी काही सांगितलं, ऐकू नाई आलं, तरी छान छान. पुन्हा पुन्हा विचारून लोकायले कायले त्रास द्याचा, म्हणते."

म्हणजे आम्ही गायल्यावर ते काय बोलतील त्यावरून त्यांना ऐकू गेलं का नाही, हे कळायची सोयच उरली नव्हती.

सकाळी ओसरी भरली. शेजारचे लोक, गुरुजींचे दोन-चार जुने विद्यार्थी, एक भजनी मंडळ. फोटोला हार झाला. गुरुजी खुर्चीत डावा कान आमच्याकडं करून बसले. मी तंबोरा घेतला, डोळे मिटले आणि थांबले.

सा आला नाही.

पुन्हा थांबले. बाहेर नुसती शांतता. दूर नदी आणि मधूनच एखादा कोंबडा. कानात काहीच नाही. खुंट्या पिळल्या, सैल केल्या, पुन्हा पिळल्या. लोक बघत होते. शेवटी एक सूर बरा वाटला, तो धरला आणि सुरू केलं. बंदिशीचा मुखडाच तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर आहे. आम्ही पाच जणींनी एकदम झेप घेतली आणि पाच जणींचे आवाज पाच दिशांना फाटले. एक तर चक्क खोकायला लागली. भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं सहानुभूतीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

सिंदेवाहीची बाई माझ्या कानाशी लागली. "ताई, हा आपला सा नाई. आपण कुठी चढून राह्यलो?"

"मग आपला कुठं आहे?" मी दात-ओठ खात म्हटलं.

"मले काय मालूम? रोज तर तुम्हीच आणता."

नवरा दाराशी उभा होता. त्यानं हळूच खूण करून मला बाहेर बोलावलं. त्याचा चेहरा असा होता की हसावं का नाही हे त्याला ठरवता येत नाही. म्हणाला, "रागावू नको. तुझ्या वर्गाच्या खोलीमागे भिंतीपलीकडं काय आहे?"

"काय आहे?"

"ट्रान्सफॉर्मर. रात्रंदिवस एकाच सुरात गुणगुणत असते. आपल्या कॉलनीत लाइट जात नाई, म्हणून तो सूरही कधी थांबत नाई. तू तोच घेऊन राह्यली इतके वर्षं. तो पेटीच्या फटीत नाई बसणार तर काय!"

मला एवढा संताप आला की काय सांगू. त्याचा नाही, ट्रान्सफॉर्मरचा. माझी ईश्वरी देणगी एका लोखंडी डब्याची निघाली होती. आणि हा माणूस आयुष्यभर त्याच डब्यांची निगा राखत आलाय, एकदा तरी बोलायचं! तर म्हणे, मला वाटलं तुला माहीत असेल.

मग आम्ही एक शुद्ध गाढवपणा केला. कॉलनीतल्या शेजारणीला फोन लावला आणि वर्गाच्या मागच्या खिडकीशी जाऊन फोन बाहेर धरायला सांगितलं. ती धावत गेली. आम्ही ओसरीच्या कोपऱ्यात डोकी एकत्र करून ऐकत राहिलो. तिची धाप ऐकू आली, एक स्कूटर गेलेली ऐकू आली, पण ट्रान्सफॉर्मर नाही. नवरा म्हणाला, आजकालचे फोन अशी घुंई मागची कटकट समजून गाळून टाकतात. एका बाईच्या मोबाइलमध्ये तंबोरा होता, तर त्यावर पट्ट्या इंग्रजी अक्षरांत, आणि पांढरी पाच म्हणजे त्यातलं कोणतं अक्षर हे कुणालाच ठाऊक नाही.

एवढा वेळ गुरुजी आमच्याकडं टक लावून बघत होते. शेवटी उठून आले आणि विचारलं, "काय झालं?" मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सगळं सांगितलं. अख्ख्या ओसरीला कळलं. गुरुजी आधी गंभीर झाले आणि मग असे हसले की त्यांना खांब धरावा लागला. डोळे पुसत म्हणाले, "विजेच्या घरी दिली तुला, वीजच गुरू केलीस होय?"

मग सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मी सा देतो. सा देणं म्हणजे गाणं नाही. त्यानं नियम मोडत नाही." आणि त्यांनी सा लावला. म्हातारा, जरा कापरा, आमच्या नेहमीच्या सुरापेक्षा चांगलाच खालचा. मी तारा उतरवून त्याला मिळवल्या. तोवर त्यांनी पुढं वाकून तंबोऱ्याच्या दांडीला डावं कानशील टेकवलं आणि डोळे मिटले. तंबोरा छेडताना त्यांचे पांढरे केस माझ्या बोटांना लागत होते.

आम्ही पुन्हा सुरू केलं. खाली आमचे आवाज पुटपुटल्यासारखे झाले, पण देशकार वरच्या अंगाचा राग आहे, बंदीश बहुतेक वरच फिरते. आणि वर आता जागाच जागा होती. तार षड्ज हात लांबवला की मिळत होता. नावेची वाट बघणारी ती बाई आमच्या वर्गात नेहमी घाईत असायची, इथं ती निवांत बसली. मी गाताना सारखी गुरुजींच्या चेहऱ्याकडं बघत होते. तिथं काही हलत नव्हतं. भुवई नाही, बोट नाही. अंतरा आला, गेला. मध्ये एके ठिकाणी काहीतरी सैल झालं तेही मला कळलं, पण माझं लक्षच नव्हतं. मला एवढंच हवं होतं की या माणसाच्या कानात हे पोचावं. इतकी वर्षं थांबला आहे, आणि आता नाही पोचलं तर पुन्हा कधीच पोचणार नाही.

संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी दांडीवरून डोकं उचललं, आम्हा सगळ्यांकडं पाहून हात जोडले आणि म्हणाले, "छान. छान झालं."

मी अम्मांकडं पाहिलं. त्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मी तंबोऱ्याला गवसणी घालायला घेतली. गाठ बसेना. एवढ्यात गुरुजी सिंदेवाहीच्या बाईकडं वळले आणि माझ्या लहानपणच्या आवाजात, तोच गणिताच्या तासाचा आवाज, गरजले, "बाई! तू अंतऱ्यात गंधारावर काऊन बसलीस? देशकार आणि भूपाचे सूर तेच. गंधारावर बूड टेकलं की झाला भूप! बाकीच्या चौघी देशकारात आणि तू एकटी भूपात! कळत नाही?"

बाई पांढरीफटक पडली. "बसली नाई सर," ती म्हणाली, "घसरली."

अम्मांच्या हातातल्या ट्रेवर कप खणखणले. त्यांनी तो तसाच उंबऱ्यावर ठेवला, स्वतःही उंबऱ्यावरच बसल्या आणि तोंडाला पदर लावला. मी तर सगळ्यांसमोर रडायलाच लागले. गुरुजींना वाटलं, त्यांच्या रागावण्यानं रडते आहे. ते ओशाळले आणि सिंदेवाहीच्या बाईला म्हणाले, "बरं बरं, राहू दे. पुन्हा म्हण. आणि या वेळी धैवतावर थांब, मी ऐकतो आहे."