एलातच्या तळ्यावर दोन नळ्या उन्हात धरून

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेर्शेबाच्या इस्पितळात नर्स होते. एका बुधवारी पप्पांनी मला दक्षिणेला समुद्रकाठच्या एलातला पाठवलं, धाकट्या भावाला, शिमोनला, घरी आणायला. आमच्या लॅबमध्ये त्याच्यासाठी नोकरी ठरली होती, आणि तो तिकडे मासे पाळत बसला होता.

एलातला जाणार असाल तर बसची जागा आधीच धरा आणि डाव्या खिडकीशी बसा. अरावा वाळवंटापलीकडचे लाल डोंगर त्याच बाजूला दिसतात. बसला चार तास लागले. थांब्यावर वाळकं सँडविच सोडून काही नव्हतं, पण माझ्याकडे चपात्या आणि बटाट्याची भाजी होती.

शिमोन मला थेट माशांच्या तळ्यांवर घेऊन गेला. आम्ही मराठी ज्यू, घरी मराठीच चालायची; पण मी मराठीत विचारायचे, तो हिब्रूत उत्तर द्यायचा. माशांमुळे पाण्यात अमोनिया साठतो, आणि ते पाणी तसंच आखातात सोडलं तर त्यातल्या नायट्रोजनवर शेवाळ माजून प्रवाळ गुदमरतात. पाणी साफ झालं नाही तर तळी बंद होणार होती. म्हणून त्याने दुसऱ्या तळ्यात अमोनिया शोषून घेणारं, कोबीच्या पानांसारखं समुद्री शेवाळ वाढवलं होतं आणि माशांचं पाणी त्यातून फिरवलं होतं. समुद्रात जे नको, ते इथे कामाला लावायचं. दोनदा ते शेवाळ उन्हाने मेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एका नळीत माशांच्या तळ्यातलं आणि दुसरीत शेवाळातून आलेलं पाणी घेऊन औषध घातलं. अमोनिया जितका जास्त, तितका निळा रंग गडद. तुला हवं तेच तुला दिसतं, असं त्याचा साहेब म्हणायचा. म्हणून नळ्यांवरच्या खुणा झाकून त्याने त्या माझ्या हातात दिल्या आणि साहेबाला शेजारी उभं केलं.

दोन्ही सारख्याच आहेत, एवढं म्हटलं असतं तर शिमोन माझ्याबरोबर घरी आला असता. क्षणभर ते मनात आलंच.

"उजवीकडची फिकी आहे," मी म्हणाले. "बरीच फिकी."

साहेबाने खूण उघडली. उजवीकडची नळी शेवाळातून आलेल्या पाण्याची होती. शिमोन बांधावरच बसला. मग पहिल्यांदाच मराठीत म्हणाला, "ताई, पप्पांना सांग, मी येत नाही."

शब्बाथमुळे शुक्रवारी दुपारनंतर बस नसते, म्हणून मी सकाळचीच पकडली. पप्पा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण हनुक्का सणाच्या सुट्टीत मम्मीने वाटलेला मसाला घेऊन ते स्वतःच एलातला गेले, शिमोनच्या तळ्यातला मासा जेवले, आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना सांगत सुटले की पाणी साफ असलं की माशाला चवच वेगळी.