चतुराबाईचं रुखवत

भुजंगरावानं दुसरी बायको आणली आणि तिसऱ्याच दिवशी चतुराला गाडीत बसवून माहेरी बोरीला पोचतं केलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता, एवढंच कारण. पूर्णेकाठचं सासर, येलदरीच्या अंगाचं. तिथून बोरीपर्यंतचा सगळा रस्ता ती गाडीत ताठ बसून आली. भावाच्या दारात उतरली तेव्हा शेजारच्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या तयारीनंच जमल्या होत्या. चतुरानं गाठोडं काखेत मारलं आणि म्हणाली, "कुनी मेलं न्हाई. जा आपापल्या घरला."

भाऊ आश्रुबा बेताचा शेतकरी, कमी बोलणारा. भावजय तानुबाई तोंडाची फटकळ, पण ताटात दुजाभाव करणारी नव्हती. चतुरा दिवसभर त्यांच्या बरोबरीनं रानात राबायची. त्रास व्हायचा तो गावाचा. नवरा जिवंत, कपाळावर कुंकू, तरी हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. लग्नघरात तर तिची सावलीसुद्धा नको. 'टाकलेली' या एका शब्दात तिचं नाव बुडून गेलं होतं.

दोन वर्षांनी आश्रुबा कापसाची गाडी घेऊन सेलूच्या जिनात निघाला तेव्हा ती सोबत गेली. आठवडी बाजाराच्या कडेला मौलासाब नावाचा म्हातारा कबाडी गोणपाट अंथरून बसलेला असायचा. हैदराबादेकडच्या बड्या घरांतलं, कचेऱ्यांच्या लिलावातलं मोडकंतोडकं तो आगगाडीनं आणायचा. बिनकापडाच्या छत्र्या, फुटक्या झुंबराचे लोलक, जरतार सुटलेल्या शेरवान्या, पितळी गुंड्या, औषधाच्या निळ्या बाटल्या, घड्याळांची पोटं. लोक कुलूप नाहीतर बिजागरी शोधायला यायचे आणि बाकीच्या ढिगाला पायानं सरकवायचे. चतुरा मात्र त्या ढिगापुढं उकिडवी बसली ती उठेचना. तिनं वेचून वेचून एक मोडकी छत्री, शेरवानीची एक बाही आणि निळी बाटली बाजूला काढली.

"बाई, ये छत्री दुरुस्त नई होती," मौलासाब म्हणाला.

"छत्री कुनाला करायचीय?"

"फिर क्या बनाते?"

"मोर," चतुरा म्हणाली.

म्हातारा हसला आणि मूठभर गुंड्या वर फुकट घातल्या. आश्रुबानं मात्र कपाळाला हात लावला. वेचणीची मजुरी या बाईनं कचऱ्यात घातली, असं तो परतीच्या वाटेवर बैलांना सांगत राहिला.

महिनाभर रानातून आल्यावर चतुरा ओसरीच्या कोपऱ्यात बसायची. बाटलीचं पोट, तारेची मान, मानेवर निळ्या चिंध्या चिकटवलेल्या. छत्रीच्या काड्यांचा पिसारा केला, काडीकाडीला शेरवानीची जरतार गुंडाळली आणि टोकाला एकेक गुंडी शिवली. बाभळीचा डिंक, कणकेची खळ, दाभण आणि कात्री, एवढंच तिचं हत्यार. मूळच्या छत्रीची कळ तिनं तशीच ठेवली होती. कळ दाबली की मोर फाडकन पिसारा फुलवायचा. पहिल्यांदा फुलला तेव्हा तानुबाई चुलीपुढून उठून आली, कंबरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "वन्सं, ह्यो तर आता वरडतोय का काय!"

मोर गावभर झाला. मग ज्या बायांनी तिला दोन वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं, त्याच मागच्या दारानं यायला लागल्या. लेकीच्या लग्नात वरपक्षापुढं रुखवत मांडायचं असे. लाडू, शेवया, कुरडया सगळ्यांच्याच असायच्या. काहीतरी वेगळं हवं होतं. चतुरा करून द्यायची. झुंबराच्या लोलकांचं तुळशीवृंदावन, रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा हत्ती, घड्याळाच्या चाकांची फुलं. बाया पदराखाली झाकून न्यायच्या आणि मांडवात सांगायच्या, "आमच्या पोरीनं केलंय."

हे चतुराला माहीत होतं. टोचायचं, पण बोलत नव्हती.

मग पाटलांच्या विमलाचं लग्न निघालं. पाटलीण पार्वतीबाई स्वतः सांगायला आली, आणि चतुरानं जीव ओतून आगगाडी केली. डब्याच्या पत्र्याचं इंजन, सहा डबे, खिडक्यांना रंगीत काच, आत चिंध्यांची माणसं. विमला तेरा वर्षांची होती. ती रोज दुपारी येऊन डिंक भिजवून द्यायची आणि तिच्या बडबडीला खंड नव्हता. लग्नाच्या दिवशी चतुरा पाटी घेऊन पाटलांच्या मागल्या दारी गेली. पार्वतीबाईनं पाटी उंबऱ्यावरच घेतली.

"आता तू जा बाई. वरमाय बसलीय आत. उगं काही वंगाळ नको."

चतुरा वळली, पण गेली नाही. भिंतीपलीकडून बायांचा गलका ऐकू येत होता. परभणीची वरमाय मोठ्यानं म्हणत होती, "अगंबाई, कुनी केली ही गाडी?" आणि पार्वतीबाईचा आवाज आला, "आमच्या विमलानं. लय हौशी हाय पोरगी."

चतुरा पुढच्या दारानं मांडवात शिरली. कुणीतरी नवरीच्या डोक्यावरून पदर पुढं ओढला.

"पाटलीणबाई," चतुरा म्हणाली, "गाडीची चाकं कशाची हायत तेवढं सांगा. सांगितलं तर मी गपगुमान जाते."

पार्वतीबाईचं तोंड लाल झालं. "हिला बाहेर काढा आधी! शुभकार्यात—"

"कशाची हायत?" वरमाईनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेल्या विमलानं मान वर केली. "फौजेच्या कोटाच्या गुंड्या हायत. चतुरामावशीनंच सगळं केलं. म्या नुसता डिंक भिजविला."

चतुराला त्या पोरीची दया आली. ऐन लग्नात तिला आईच्या विरोधात बोलायला लागलं होतं. पण आपण आत आलो याचं वाईट तिला तेव्हाही वाटलं नाही आणि पुढं कधीही वाटलं नाही. तिनं विमलाच्या गालाला हात लावला, दृष्ट काढल्यागत आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि आली तशी पुढच्याच दारानं बाहेर पडली.

पाटलांनी आश्रुबाला चावडीवर बोलावून झाडलं. घरी येऊन आश्रुबा पहिल्यांदाच बहिणीवर ओरडला.

"तुला गावात ऱ्हायचंय का न्हाई?"

"ऱ्हायचंय की. पन समोरून," चतुरा म्हणाली. "आजपसून ज्याला माझ्या हातचं पायजे त्यानं समोरच्या दारानं यायचं. अन् मांडायला मीच जाणार. ज्याला इटाळ वाटंल त्यानं लाडू मांडावेत."

दोन वर्षं कुणी आलं नाही. चतुरा तरी थांबली नाही. सेलूला जाऊन कबाड आणायची आणि करत राहायची. ओसरी भरली, माळवद भरलं. तानुबाई धान्याच्या कणगीवरचे हत्तीघोडे उचलता उचलता वैतागायची, पण पाणवठ्यावर कुणी वाकडं बोललं की तीच पदर खोचून उभी राहायची. तिसऱ्या वर्षी परभणीहून एक दमणी, बैलांची हलकी गाडी, आली. विमलाची तीच सासू. तिच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. दमणी सरळ आश्रुबाच्या पुढच्या दारात थांबली. चतुरा परभणीला गेली, चार सवाष्णींच्या बरोबरीनं बसून तिनं रुखवत मांडलं आणि पंगतीत जेवून आली. मग जिंतूर, मानवत, पाथरी अशी बोलावणी सुरू झाली. बोरीचे लोकही आले. समोरूनच आले.

जर्मनीची लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भुजंगरावानं एका गाडीवानाबरोबर निरोप धाडला. मुलीचं, लीलाचं लग्न आहे, रुखवत पाहिजे. चतुरानं गाडीवानाला पाणी दिलं आणि निरोप परत धाडला, "ज्याला पायजे त्याला पाय हायत."

आठ दिवसांनी कडूबाई आली. चतुराच्या जागी आणलेली तीच. एकटी, उन्हातून चालत आलेली. चतुरानं तिला कधी नीट पाहिलंही नव्हतं. डोळे खोल गेलेली, थकलेली बाई. ती ओसरीच्या पायरीवरच बसली.

"बाई, तुमाला तोंड दाखवायची माझी लायकी न्हाई. पन पोरीनं हट धरलाय. तुमची आगगाडी तिनं परभनीत पाह्यली. चतुराबाईचंच पायजे म्हनती. तुमी तिच्या कोन लागता, तिला ठावं न्हाई."

"वर ये. पायरीवर काय बसलीस?" चतुरा म्हणाली. "तू कशाला लाजतीस गं? तुला देताना कुनी इचारलं होतं का?"

कडूबाई रडायला लागली. चतुरानं तिला रडू दिलं, भाकरी खायला घातली, मग म्हणाली, "करते. पन मांडीन मी. मांडवात, समोरून येऊन. मान्य असंल तर सांग."

"मान्य हाय," कडूबाई म्हणाली. "त्यांना मी बघते."

या वेळी चतुरानं मौलासाबकडून फुटके आरसे मागितले. लढाईपासून कबाडसुद्धा मिळेनासं झालं होतं, पण म्हाताऱ्यानं कुठून कुठून तुकडे जमवले. तानुबाई हादरली. "वन्सं, लग्नात फुटका आरसा? लोक जित्तं खातील."

"फुटलेला हाय म्हून काय तोंड दिसत न्हाई का त्यात?" चतुरा म्हणाली, आणि कामाला लागली.

लग्नाच्या दिवशी आश्रुबा स्वतः गाडी घेऊन निघाला. पंधरा वर्षांनी चतुरा त्या दारात उतरली. बायांनी वाट सोडली. तिनं मांडवात घोंगडी अंथरली आणि पाट्यांमधून एकेक काढून मांडायला सुरुवात केली. ती पूर्णा नदी होती. आरशांच्या तुकड्यांचं वळणावळणाचं पाणी, पितळी पळीची होडी, पत्र्याचं देऊळ, घाटावर चिंध्यांच्या धुणं धुणाऱ्या बाया, शेरवानीच्या हिरव्या मखमलीचं रान. वरून ऊन पडलं तशी नदी चमकायला लागली.

भुजंगरावाची चुलती पुढं आली. "हे काय अपशकुनी! फुटका आरसा, अन् मांडनारी ही. उचला आधी!"

चतुरानं हात थांबवला नाही. "उचला. पन मग रिकामी जागा भरायला तुमच्याकडं काय हाय, तेबी आना."

चुलती काही बोलायच्या आत कडूबाई कुंकवाचा करंडा घेऊन आली. सगळ्यांच्या देखत तिनं चतुराला कुंकू लावलं आणि मांडवातली पहिली ओटी तिची भरली. मग वरपक्षाच्या पोरी धावत आल्या आणि नदीत आपापली तोंडं शोधायला लागल्या. हळूहळू बायाही वाकल्या. शेवटी चुलतीसुद्धा. लीला तर हळदीच्या अंगानं घोंगडीपाशी बसून राहिली, उठवता उठेना.

पंगती उठल्यावर भुजंगराव जवळ आला. केस पिकले होते. त्यानं घसा साफ केला.

"तुजं नाव लय झालंय म्हनं," तो म्हणाला. "आता कशाला भावाच्या दारात ऱ्हातीस? घर तुजंबी हाय. ऱ्हा हितंच."

चतुरा रिकाम्या पाट्या एकात एक घालत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं. इतक्या वर्षांत या क्षणी काय बोलायचं ते तिनं कितीतरी वेळा मनात घोळवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. आठवायची गरजही वाटली नाही.

"मी मांडायला आले," ती म्हणाली. "नांदायला न्हाई."

आश्रुबानं हे ऐकलं. गाडी जुंपताना त्यानं बहिणीसाठी गवताची गादी जाड केली आणि तिला हात देऊन वर चढवलं.

पुढच्या वर्षी चतुराबाईनं सेलूत बाजाराजवळ एक खोली घेतली. दोन टाकलेल्या बायका आणि एक विधवा तिच्या हाताखाली शिकायला आल्या. मग रझाकारांचे दिवस आले. बाजार महिनोन्महिने ओस पडला, वाटा बंद झाल्या, लग्नं उरकून घेतल्यासारखी व्हायला लागली. आश्रुबा दोनदा न्यायला आला, पण ती गेली नाही. रेशनाच्या ज्वारीवर चौघी जणी राहिल्या.

त्या रेशनचं कार्ड काढायला ती कचेरीत गेली होती. तिथला कारकून अनंतराव मान खाली घालून लिहीत होता.

"नवऱ्याचं नाव?"

"ते सोडून द्या. माझं लिवा. चतुराबाई."

"पेशा?"

"रुखवत करते."

"असा पेशा दफ्तरात नाही, बाई. मजूर लिहितो."

"मजूर न्हाई. दफ्तरात नसंल तर घाला दफ्तरात."

मागची रांग कुरकुरायला लागली. चतुराबाई खिडकीपुढून हलली नाही. अनंतरावानं चष्मा वर केला, तिच्याकडं पाहिलं, दौतीत टाक बुडवला आणि उर्दूत एक शब्द लिहिला.

"काय लिवलं?"

"कारागीर."

"पुन्हा वाचा."

त्यानं पुन्हा वाचलं. चतुराबाईनं कार्ड घेतलं, शाई वाळेपर्यंत फुंकत उन्हात उभी राहिली आणि मग ज्वारीच्या रांगेत जाऊन लागली.