ओटा मोडून राखलेली माती

कोणतीही गोष्ट दारात आली की वहिनी एकच प्रश्न विचारीत : "पुढल्या साली हिचं काय?" साडी असो, बाजारातली भाजी असो, की कोणाच्या मुलीला सांगून आलेले स्थळ असो, आजची शोभा हा त्यांच्या लेखी पुरावाच नव्हे. गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी ताबडतोब आराम देणारे इंजेक्शन सुचवले. वहिनींनी तोच प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा या, पुन्हा देऊ. वहिनी उठल्या. "म्हंजे गुडघा माझा न्हाई ऱ्हायला, तुमचा झाला की." त्या दिवसापासून घरासमोरच्या ओट्यावर बसून, एक एक पाय उचलून धरण्याचा कंटाळवाणा व्यायाम त्यांनी सुरू केला. येणारेजाणारे हसत. वहिनी त्यांनाही शेजारी बसवून घेत आणि पाय उचलायला लावीत.

त्या उदगीरच्या. त्यांच्या यजमानांनी आणि मी लातूरच्या कचेरीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना नोकरी केली, आणि पुढे भिंतीला भिंत लावून घरे बांधली. यजमान गेले. गल्ली त्यांना काकू म्हणे, मी वहिनी म्हणत असे. मी स्वभावाने संतापी आहे. अन्याय दिसला की माझा हात लेखणीकडे जातो, आणि अर्जात कलम, पोटकलम व मुदत यांचा उल्लेख असल्याखेरीज मला अन्न गोड लागत नाही. प्रत्येक मसुदा मी वहिनींना वाचून दाखवीत असे. त्या तांदूळ निवडत शेवटपर्यंत ऐकत. एकदा समोरच्या अहमदभाईंच्या न्हाणीचे पाणी माझ्या दारात येऊ लागले. हे बांगड्यांचे पिढीजात व्यापारी. माणूस सज्जन, पण पन्हळीच्या बाबतीत बेफिकीर. मी नोटीस तयार केली. वहिनी म्हणाल्या, "लई झ्याक लिवलंय, भाऊजी. आजच पाठवा. फकस्त उद्या छातीत कळ आली तर गाडी कुणाची काढायची, तेवढं ठरवून ठिवा." गल्लीत मोटारगाडी एकच होती आणि ती अहमदभाईंची होती. मी समोर जाऊन बोललो, पन्हळ दुरुस्त झाली. कायद्याने माझी बाजू भक्कम होती, हे माझे मत मात्र आजही कायम आहे.

आमच्या भागात नळाला पाणी येते ते कित्येक दिवसांच्या अंतराने. मधल्या दिवसांत सारी गल्ली एका सामायिक बोअरवर जगते. तरीही नळ आला की आमच्याकडे एक रीत पाळली जाते, जिच्यावर मी संतापाने थरथरलो आहे : घराघरांतून कालपर्यंत जपलेले पाणी 'शिळे' म्हणून रस्त्यावर ओतायचे आणि भांडी नव्याने भरायची. मी फलक लिहून लावला. कोणी वाचला नाही. वहिनींनी बोअरच्या कडेला मोकळ्या मातीत शोषखड्डा खणून घेतला, तळाशी दगडगोटे भरले, आपल्या गच्चीच्या पाण्याचा पाइप त्यात सोडला. नळाच्या दिवशी त्या खड्ड्याजवळ उभ्या राहत आणि कोणी बादली घेऊन बाहेर आले की म्हणत, "जिमिनीला शिळंताजं कळत न्हाई, बाई. तिला पाजा." रीत मोडा, असे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. ओतायची जागा तेवढी त्यांनी बदलली. बायका कुरकुरत, पण चार पावले जास्त चालत.

मग सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. चिखलाला कंटाळलेली गल्ली आनंदली. ठेकेदार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारे सिमेंटने मढवणार होता. बोअरभोवतीची आणि भिंतीकडेची माती झाकली जाणार, शोषखड्डा बुजणार. मागच्या गल्लीत असाच रस्ता झाला होता आणि तिथला बोअर दरसाल आधीच्या सालाहून लवकर आटत चालला होता. आमचाही आटेल, हे आम्हा दोघांना दिसत होते. मी मनाई हुकमाचा मसुदा केला. आयुष्यात याहून चांगले काही मी लिहिले नसेन. वहिनींनी नेहमीप्रमाणे ऐकले. पण या वेळी तांदळाचे सूप खाली ठेवले.

"भाऊजी, कोर्टाच्या हुकमानं माती ऱ्हाईल. पर चिखल तुडवून वैतागलेली माणसं तिच्यात पाणी ओततील का?"

मी मसुदा बाजूला ठेवला आणि वहिनी दुखरे गुडघे घेऊन दारोदार फिरल्या. मागणी एवढीच, की रस्ता होऊ द्या. भिंतीकडेला हातभर पट्टी आणि बोअरभोवतीची जागा तेवढी उघडी सोडा. बाकीची घरे वळली. अहमदभाई अडले. हातभर माती सोडली तर तिच्यात चाक रुतणार, आणि ती टाळून त्यांच्या गाडीला वळण मिळेना, कारण समोर वहिनींचा ओटा पुढे आलेला. बैठकीत ते अदबीने, पण स्पष्ट बोलले. "काकू, बुरा मत मानो. पुढल्या साली, पुढल्या साली करताव. पुढल्या साली तुम्ही कुठं, आम्ही कुठं, काय भरवसा?"

"मी नसंनच," वहिनी म्हणाल्या. "मी माझ्यासाठी कुठं मागायलेय? तुमच्या गाडीला वळण पायजे ना? माझा ओटा काढा."

संध्याकाळी जिथे बसून त्या सगळ्यांची विचारपूस करीत, जिथे यजमानांबरोबर त्यांनी चहा घेतला, तो ओटा. अहमदभाईंनी नको नको म्हटले. तिसऱ्या दिवशी ओटा फोडणाऱ्या गवंड्याला वहिनींनी त्यांच्याच हाती चहा पाठवला. रस्ता झाला, पट्टी राहिली. वहिनी त्यानंतर दारात खुर्ची टाकून बसत. उन्हाबरोबर ती सरकवावी लागे.

आणि ज्या पट्टीसाठी हे सारे झाले, तिचा उपभोग त्यांना घेता आलाच नाही. हृदय थकले. नांदेडला विष्णुपुरीजवळ राहणारा मुलगा त्यांना घेऊन गेला. निघताना मी बसस्थानकापर्यंत गेलो. रडणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी बस उशिरा सुटत असल्याबद्दल वाहतूक नियंत्रकाशी भांडलो. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "भांडा, भाऊजी. पर बीपीची गोळी घिऊन भांडा."

पुढच्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीचा बोअर होळीलाच कोरडा पडला. आमचा चालू राहिला. धार बारीक, पण चालू. तिकडच्या बायका घागरी घेऊन इकडे येऊ लागल्या. गल्लीने एकमताने ठरवले की बोअरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घालावे. नियम मीच लिहून दिला. त्यात बाहेरच्यांना मनाई होती. त्याच सुमारास वहिनींना दवाखान्यात दाखल केल्याचे कळले. मी नांदेडला गेलो. त्या फार बारीक झाल्या होत्या. बोअर चालू असल्याचे मी त्यांना शपथपत्राच्या थाटात सांगितले. वाटले, डोळे मिटून समाधानाने ऐकतील.

त्यांनी डोळे उघडून विचारले, "मागच्या गल्लीला भरू देताव का?"

मी कुलपाचे सांगितले. नियमाची कायदेशीर बाजूही सांगितली. त्यांना धाप लागत होती.

"कुलूप लावलं तर त्येंला कुलूपच दिसंल, भाऊजी. पाणी कशानं टिकलं, ते कसं दिसंल?"

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी मनातल्या मनात लातूरच्या पुढच्या औशापर्यंत पुरेल एवढा वाद घातला आणि लातूर येण्याआधीच हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्लीशी कडाक्याचे भांडण करून, मी कुलूप काढले. अहमदभाई माझ्या बाजूने उभे राहिले, एरवी मला मार पडला असता. मागच्या गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. पाणी भरता भरता त्या खड्ड्याकडे, पट्टीकडे पाहत, विचारीत. काही दिवसांनी त्यांच्यातले दोन-तीन पुरुष अंतर मोजायला आले. आपल्याकडचे सिमेंट भिंतीकडेने किती फोडावे लागेल, हे त्यांनी मला विचारले. परवानगीचा अर्ज मी लिहून दिला, अर्थातच कलमांसह.

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा पाणी भरण्याची वेळ होती. मी बोअरपाशी जाऊन अहमदभाईंना सांगितले. त्यांनी बोअरची मोटार बंद केली. रांगेतल्या बायकांनी विचारले, कोण गेले? आमच्या काकू गेल्या, असे ते म्हणाले. मागच्या गल्लीतल्या त्या बायकांपैकी कोणाचीही वहिनींशी कधी ओळख झाली नव्हती. तरी घागरी खाली ठेवून, डोक्यावरून पदर घेऊन, त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.